वजन हटत नाहीये. झोप कमी, हे कारण असू शकतं का?

जागरणकर (रात्री १:४७)
नमस्कार मंडळी. वय ४१, बसून काम. आठ महिन्यांपासून मोजूनमापून खातोय, रोज पाऊण तास चालतोय. पहिल्या तीन महिन्यांत ४ किलो उतरले, कौतुक झालं, सगळं झालं. तेव्हापासून काटा ढिम्म. दोनशे ग्रॅम खाली, तीनशे वर, असा खेळ चाललाय.

झोप मात्र जेमतेम पाच तास. कामाचे फोन रात्री उशिरापर्यंत चालतात. ते संपले की वाटतं, आता जरा आपला वेळ. मग मोबाइल, एखादी मालिका, आणि दीड कधी वाजतो कळत नाही. सकाळी सातला गजर.

बायकोचं म्हणणं, झोप नाही म्हणून वजन उतरत नाही. माझं म्हणणं, जागा माणूस झोपलेल्यापेक्षा जास्तच ऊर्जा जाळणार. त्या हिशोबाने मी आतापर्यंत काडी व्हायला हवा होतो. चुकतंय कुठे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट (सकाळी ७:०५)
प्रश्न रात्री १:४७ ला विचारलाय. प्रकाश कसला टाकायचा, आधी दिवा बंद करा.

चिंगी
खवचट, सकाळी सकाळी काय हो! :)
जागरणकर, एक साधा प्रश्न. फोन संपल्यावर ते दीड वाजेपर्यंत तोंडात काही जातं का?

सावकाश
रुमाल टाकून ठेवतो. माझीही हीच रड आहे.

आकडेमोड
जागरणकर, तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त अर्धाच मांडलाय.

कोलोरॅडो विद्यापीठात हे मोजून पाहिलंय, २०१३ साली निष्कर्ष आले. १६ धडधाकट माणसांना प्रयोगशाळेतच ठेवलं. कामाच्या आठवड्यासारखे पाच दिवस, रात्री झोपेला फक्त पाच तास. दिवसभराचा ऊर्जेचा खर्च खरोखर वाढला, साधारण ५ टक्के. म्हणजे तुम्ही जिंकलात. पण खायला हवं तेवढं मिळत होतं, आणि लोकांनी वाढलेल्या खर्चापेक्षा जास्त खाल्लं. तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतर. पाच दिवसांत सरासरी ८०० ग्रॅमच्या आसपास वजन वाढलं. त्याच लोकांना नऊ तास झोपू दिल्यावर खाणं आपसूक कमी झालं.

जाळलं शंभर, भरलं त्याहून जास्त. असा धंदा केला तर दुकान बुडेल की नाही?

जागरणकर
आकडेमोड, धन्यवाद. हे माहीत नव्हतं. पण मी मोजून खातो हो. प्रत्येक जेवणाची नोंद आहे. त्यामुळे जास्त खाल्लं जातं हे माझ्या बाबतीत लागू नसावं.

चिंगी
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

स्टेथोस्कोप
थोडं आतलं यंत्र सांगते. मी जनरल फिजिशियन आहे, झोपेची तज्ज्ञ नव्हे, हे आधीच स्पष्ट करते.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण कारभार मेंदूत चालतो. त्याला खबर देणारे बरेच हेर आहेत, म्हणजे संप्रेरकं, त्यातले दोन मुख्य. लेप्टिन चरबीच्या पेशींतून येतं आणि सांगतं की कोठार भरलंय, घाई नाही. १९९४ साली ते सापडलं. घ्रेलिन मुख्यतः जठरातून येतं आणि हाकाटी करतं की आणा काहीतरी. ते १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलं. शिकागो विद्यापीठाचा २००४ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. १२ निरोगी तरुणांना एका खेपेला दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या खेपेला त्याच तरुणांना दहा-दहा तास दिले. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त, आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी जास्त. ओढ होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. जागरणानंतर काकडी खावीशी वाटली असं सांगणारा पेशंट मला अजून भेटायचाय.

दुसरी गोष्ट साखरेची. झोप तुटली की इन्सुलिनचं काम मंदावतं. तरुण, सडपातळ माणसांतही आठवडाभराच्या अपुऱ्या झोपेने हा फरक मोजता येतो. संध्याकाळी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली यायला हवं, तेही रेंगाळतं. आणि सगळ्यात साधी गोष्ट, दमलेला मेंदू 'नको' म्हणायला आळस करतो.

खवचट
आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. डॉक्टर सांगतायत त्यावरून दिसतं की निजेला धोंडासुद्धा मिळाला नाही, तर भुकेला कोंडा चालत नाही. बिस्किटच लागतं. क्रीमवालं.

सावकाश
लोळून हसलो. ही म्हण फ्रिजवर चिकटवतो.

पाळणा_हलवते
इथे सात-आठ तासांच्या गप्पा मारणाऱ्या सगळ्यांना माझ्याकडे एक रात्र मुक्कामाचं आमंत्रण. बाळ पाच महिन्यांचं आहे. दर दोन तासांनी गजर, तोही बंद न करता येणारा. मी रात्री तीनला स्वयंपाकघरात उभ्याने काय काय खाल्लंय ते इथे लिहिणार नाही.

स्टेथोस्कोप
पाळणा_हलवते, तुम्हाला या धाग्यातलं काहीही लागू नाही. तुम्ही मिळेल तेव्हा झोपा आणि भूक लागेल तेव्हा खा. दूध पाजत असाल तर भूक खरीच असते. घरात दुसरं कोणी असेल तर एक पाळी त्यांच्या गळ्यात मारा. वजनाचं नंतर बघू.

संशयात्मा
डॉक्टर, आदर राखून विरोध करतो.

१२ तरुण पुरुष, दोन रात्री, आणि त्यावर गेली वीस वर्षं 'झोपा आणि बारीक व्हा'चा डोलारा. नंतरच्या प्रयोगांत लेप्टिन-घ्रेलिनचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. काहींत लेप्टिन उलट वाढलं, काहींत फरकच नाही. मोठ्या पाहण्यांत कमी झोपणारे जास्त वजनाचे दिसतात, मान्य. पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला? वजन वाढलं की घोरणं वाढतं, पित्त वर येतं, गुडघे दुखतात, झोप बिघडते. ज्याला दोन नोकऱ्या कराव्या लागतात त्याला झोप मिळत नाही, आणि धड जेवायलाही मिळत नाही. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असं म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आणि हो, माझे आजोबा रात्री चार तास झोपायचे. नव्वद वर्षं जगले. सडसडीत.

खवचट
आजोबा दुपारी किती झोपायचे?

संशयात्मा
...दोन तास. पण तो मुद्दा नाही.

आकडेमोड
नाही कसा, पन्नास टक्के वाढ आहे ती!

खरोखर कमी झोपेवर भागणारी माणसं असतात. २००९ साली डीईसी२ नावाच्या जनुकातला एक बदल एका आई-मुलीत सापडला होता, सहा-सव्वासहा तासांत दोघी ताज्यातवान्या. पण हे फारच दुर्मीळ. गंमत अशी की ज्यांना सवय झालीय असं वाटतं, त्यांना सवय झालेली नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना १४ दिवस रोज सहा तास झोपवलं (२००३). शेवटी शेवटी त्यांच्या चुका अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतक्या व्हायला लागल्या. झोप येतेय का विचारलं तर म्हणे, थोडीशीच. दारू प्यालेला माणूस 'मला काही झालेलं नाही' म्हणतो त्यातलीच गत.

स्टेथोस्कोप
संशयात्मा, तुमचा आक्षेप रास्त आहे. संप्रेरकांची गोष्ट सांगायला सोपी म्हणून आम्ही ती जरा जास्तच ठासून सांगतो. कार्यकारणाचा बाण दोन्ही बाजूंना जातो हेही खरं. म्हणून दोन वेगळे प्रयोग सांगते, त्यात संप्रेरकांवर भिस्त नाही.

पहिला २०१० चा. दहा जण, जास्त वजनाचे, सरासरी वय ४१, म्हणजे आपल्या धागाकर्त्याचे समवयस्क. सगळ्यांना मोजून कमी उष्मांकांचं खाणं. एकदा १४ दिवस साडेआठ तास झोपेची मुभा, एकदा १४ दिवस साडेपाच. दोन्ही वेळा वजन साधारण ३ किलो उतरलं. काट्याला काही फरक दिसला नाही. पण आत काय गेलं ते पाहिलं तेव्हा कळलं की पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी गेली, कमी झोपेत फक्त ०.६. उरलेलं सगळं चरबी सोडून बाकीचं शरीर, त्यात स्नायूही आले. खाणं तेच, उपास तोच, आणि घरातली अडगळ तशीच ठेवून खांब विकले असं झालं.

दुसरा २०२२ चा, मला स्वतःला जास्त पटणारा. कारण तो प्रयोगशाळेत नाही, लोकांच्या घरी झाला. ८० जण, वजन थोडं जास्त, झोप रोज साडेसहा तासांहून कमी. निम्म्यांना झोपेबद्दल एकदा बसवून सल्ला दिला, मोबाइल केव्हा ठेवायचा वगैरे. खाण्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाने वाढली आणि खाणं बाकीच्यांच्या तुलनेत दिवसाला २७० उष्मांकांनी उतरलं. हे लोकांना विचारून नाही, लघवीच्या तपासणीवरून ऊर्जेचा खर्च काढून मोजलंय. वहीत खोटं लिहिता येतं, लघवीत नाही.

संशयात्मा
दुसरा प्रयोग माहीत नव्हता. हा मानतो. फक्त तो दोनच आठवड्यांचा आहे हे नोंदवून ठेवतो. लोक वर्षभर टिकवतील का, हा खरा प्रश्न.

जागरणकर (रात्री १२:५८)
डॉक्टर, शेवटचं वाक्य जरा लागलं.

चिंगी
का बरं लागलं? :) आणि उत्तर अजून आलेलं नाही.

रातपाळी
मी नर्स. बारा वर्षं रात्रपाळ्या केल्या. पहाटे तीनची भूक ही भूक नसतेच. अंगात थंडी भरते, डोळे चुरचुरतात, आणि शरीराला वाटतं काहीतरी खाल्लं की बरं वाटेल. ड्युटीवर जे हाताला लागेल ते. घरी येऊन पडदे ओढून झोपायचं तर दाराची बेल, फोन, घरातल्यांची वर्दळ. साडेचार तास झाले की डोळे उघडायचेच. त्या बारा वर्षांत १७ किलो वाढले.

शरीराचं घड्याळ म्हणतात ते उगाच नाही. रात्री खाल्लेलं आणि दिवसा खाल्लेलं, तेच ताट असलं तरी साखर वेगळी चढते. मी स्वतःवर बोट टोचून पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही २००७ मध्येच रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. आता तीन वर्षं दिवसपाळीत आहे. १७ पैकी ६ गेले. बाकीचे ११ मुक्कामाला आलेत, हलायला तयार नाहीत.

ज्यांना पाळी बदलून घेता येत नाही त्यांना 'लवकर झोपा' सांगणाऱ्यांचा राग येतो, एवढंच सांगायचं होतं.

सावकाश
ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रात्रपाळीत काय खावं यावर वेगळा धागा काढाल का?

रातपाळी
काढीन. तोवर एवढंच, बारा ते पाच शक्यतो जड काही खाऊ नका. घरून डबा न्या, म्हणजे तिथल्या यंत्रातून पाकिटं काढावी लागत नाहीत.

टक्क_जागा
सगळे म्हणतायत झोपा. माझं काय? मी दहाला आडवा होतो आणि दोनपर्यंत छताकडे बघतो. वेळ नाही असं नाही, झोपच नाही. त्यात कोणीतरी हातात घड्याळ बांधायचा सल्ला दिला. परवा चक्क छान वाटत होतं सकाळी. घड्याळात पाहिलं तर 'झोपेचा दर्जा वाईट'. त्या क्षणापासून दिवसभर थकलो.

स्टेथोस्कोप
घड्याळ कपाटात ठेवा. गंभीरपणे सांगतेय, झोपेचे आकडे बघून झोप उडण्याला आता वैद्यकीय नावही आहे.

तुमचा प्रकार वेगळा आहे, निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळी नाही, विचार आणि सवयी बदलणारी ठरावीक उपचारपद्धत आहे, काही आठवड्यांची. त्यात आधी गादीवरचा वेळ कमी करतात. समजा झोप साडेपाच तास लागते, मग गादीवर साडेपाच-सहा तासच. ती घट्ट झाली की हळूहळू वाढवायची. पण हे कुणाच्या तरी देखरेखीखाली करा, विशेषतः गाडी चालवत असाल तर. आणि संध्याकाळची कॉफी असेल तर ती आधी बंद. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास घेतं. सातची कॉफी बारा वाजताही अर्धा कप उरलेली असते.

जागरणकर
माझी शेवटची कॉफी साडेआठला. लिहिताना लाज वाटतेय.

खवचट
धागा कबुलीजबाबाकडे निघालाय. खुर्ची ओढून बसलो आहे.

घोरासुर
नावावरून कळलंच असेल. माझा अनुभव थोडा वेगळा म्हणून टंकतोय.

मी आठ तास झोपायचो. तरी सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये मान पडायची, एकदा सिग्नलला डुलकी लागली. वजन वाढतच होतं. मला वाटायचं आळस. बायकोने एका रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. आधी करवत, मग एकदम शांतता. ती शांतता वीस-पंचवीस सेकंदांची. मग बुडणारा माणूस वर येतो तसा श्वास. ऐकून माझेच हातपाय गार पडले.

तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. पाचपर्यंत ठीक धरतात, तिसाच्या वर तीव्र. म्हणजे मी आठ तास झोपत नव्हतो, आठ तास मारामारी करत होतो. आता हवेचा दाब देणारं मशीन लावतो. पहिले पंधरा दिवस वैताग आला, मास्क फेकून दिला होता एकदा. आता त्याशिवाय झोपत नाही. रक्तदाब उतरला, डोकं हलकं झालं.

आणि आता ज्याची सगळे वाट बघतायत ते, वजन. नाही उतरलं. उलट पहिल्या वर्षात दोन किलो वाढलं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचं थोडं वाढतं, रात्रभर श्वासासाठी झगडण्यात जाणारी ऊर्जा वाचते. मग वजनासाठी वेगळे कष्ट केले, ते मात्र आता जमले, कारण व्यायामाला अंगात जीव होता.

जागरणकर, घरी एकदा विचारा, तुम्ही घोरता का. लठ्ठच माणसं घोरतात असं नाही, पण मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर नक्की विचारा.

संशयात्मा
घोरासुर, प्रामाणिक प्रतिसाद. वजन उतरलं नाही हे लिहिणारे कमी असतात.

सावकाश
शनिवार-रविवार दहा-दहा तास झोपून भरपाई होते का हो? मी त्या आशेवर जगतोय.

आकडेमोड
थकवा थोडा भरून निघतो. पण २०१९ च्या एका प्रयोगात आठवडाभर कमी आणि सुट्टीत मनसोक्त झोपणाऱ्यांचंही वजन वाढलं, इन्सुलिनचं कामही बिघडलेलंच राहिलं. सोमवारी पुन्हा पाच तासांवर आलात की हिशोब तिथेच. शिवाय रविवारी दहाला उठून रात्री अकराला झोप कुठून येणार?

सावकाश
रुमाल उचलतो. दुःखी अंतःकरणाने.

जागरणकर (सात आठवड्यांनंतर, रात्री ९:४०)
धागा वर काढतोय. आधी चिंगीताईंचं उत्तर.

हो. जात होतं. फोन संपल्यावर मालिकेबरोबर मूठभर खारे दाणे, दोन बिस्किटं, कधी चॉकलेटचा तुकडा. माझी वही रात्रीच्या जेवणाला मिटायची, आणि त्यानंतरचं माझ्या लेखी घडतच नव्हतं. तुम्ही तिसऱ्यांदा विचारल्यावर आठवडाभर तेही लिहिलं. रोजचे साधारण साडेतीनशे ते चारशे उष्मांक निघाले. वहीत खोटं लिहिता येतं म्हणाल्या डॉक्टर. मी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त वही लवकर झोपायची, मी नाही.

काय केलं ते सांगतो. उशिराचे फोन आठवड्यातून दोनच दिवस ठेवून घेतले, त्यासाठी साहेबांशी बरंच बोलावं लागलं. कॉफी दुपारी दोननंतर बंद, पहिले चार दिवस डोकं ठणकलं. मोबाइलचा चार्जर हॉलमध्ये. 'आपला वेळ' सोडणं सगळ्यात जड गेलं, खरंच. दिवसभरात तेवढाच एक तास माझा होता. आता तो सकाळी काढतो, पण सकाळी त्याला ती मजा नाही.

झोप साडेसहावर आलीय, काही दिवस सात. सात आठवड्यांत वजन फक्त १.३ किलोने कमी. पण पट्ट्याचं भोक एकाने आत गेलं. रात्रीचं खाणं सोडावं लागलं नाही, त्या वेळी मी झोपलेलाच असतो. बायको जिंकली की मी, यावर घरी अजून वाद आहे. वजन झोपेने उतरलं की दाणे थांबल्याने?

संशयात्मा
एकाच माणसावर, एकाच वेळी चार गोष्टी बदलून केलेला प्रयोग. निष्कर्ष काढता येणार नाही. अभिनंदन!

स्टेथोस्कोप
दाणे झोप नसल्यामुळे होते. वहिनींना विजयी घोषित करा आणि विषय मिटवा.

चिंगी
मला फक्त दाण्यांचा संशय होता. चॉकलेट बोनस.

घोरासुर
आणि घोरण्याचं?

जागरणकर
विचारलं. ती म्हणाली, "आत्ता विचारतोयस?" रेकॉर्डिंग ऐकवलं. करवत आहे, शांतता आहे की नाही नीट कळत नाही. मान ४१ भरली. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, निकाल इथेच टाकेन.

रातकिडा (रात्री २:२०)
नवीन सदस्य. संपूर्ण धागा एका दमात वाचून काढला, फार छान चर्चा. मला एक शंका विचारायची होती, म्हणजे मीही रोज साधारण याच वेळेपर्यंत

खवचट (सकाळी ६:५०)
वाक्य अर्धंच राहिलं. झोप लागली असेल तर उठवू नका.